लिनक्समध्ये पहिल्यापासून कोणती अ‍ॅप्स असावीत? (वाचनालयासाठी विचारतोय)

खडूफळा

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी जे सार्वजनिक वाचनालय आहे, त्याला एका कंपनीने वापरून झालेले आठ डेस्कटॉप दिलेत. चार जीबी रॅम, जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून घेतल्यात. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) या मशीनमध्ये नाही, म्हणून लिनक्स टाकायचं पक्कं झालंय. उबंटू २४.०४ की मिंट २२ (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) एवढंच बाकी आहे आणि त्यावर मला भांडण नकोय (माहितीये, होणारच).

मला विचारायचंय ते वेगळं. उबंटूने २३.१०पासून (आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना) इन्स्टॉलरमधली पहिली निवड बदलली. आता काही न बदलता पुढे पुढे गेलात तर ब्राउझर, फाइल्स, टेक्स्ट एडिटर अशी मोजकी अ‍ॅप्स मिळतात. लिब्रेऑफिस, थंडरबर्ड, ऱ्हिदमबॉक्स, शॉटवेल (अनुक्रमे ऑफिस, मेल, गाणी आणि फोटोंसाठी) हवं तर 'एक्स्टेंडेड'वर टिचकी मारायची. माझ्या मते हे उफराटं आहे. ज्याला कमी हवंय तो जाणकार असतो, त्याला काढायला दोन मिनिटं लागतात. ज्याला काय हवंय हेच ठाऊक नाही, त्याच्या हाती मात्र मोकळा डेस्कटॉप पडतो.

वाचनालयात येणार कोण? स्पर्धा परीक्षेची मुलं, फॉर्म भरायला येणारे आईबाप, शनिवारी शाळेतली पोरं, पेपर वाचून झाल्यावर 'जरा बघू' म्हणणारे आजोबा. एक मशीन तयार करायचं आणि क्लोनझिलाने (अख्ख्या डिस्कची नक्कल करणारं साधन) बाकीच्यांवर उतरवायचं असा बेत आहे. नंतर मी पुण्याला परत. ग्रंथपाल मॅडम हुशार आहेत, पण त्यांना टर्मिनल उघडायला लावणार नाही.

काय ठेवाल, काय उडवाल?

मिंटप्रेमी

मिंट २२, एक्सएफसीई (त्यातला हलका डेस्कटॉप). विषय संपला.

खवचट_खंडू

'विषय संपला' असं पहिल्या प्रतिसादात लिहिलेले धागे शंभरी गाठतात असा इथला इतिहास आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टर्मिनलसम्राट

धागाकर्त्याशी साफ असहमत. कमीत कमी अ‍ॅप्स हेच योग्य. जितकं जास्त सॉफ्टवेअर तितके जास्त अपडेट आणि तितक्या जास्त फटी. चार जीबी रॅमच्या मशीनवर तुम्ही ऑफिस, मेल, संगीत, टॉरेंट सगळं भरणार आणि मग म्हणणार लिनक्स स्लो आहे. लागेल ते लागेल तेव्हा एका कमांडने येतं. सॉफ्टवेअर सेंटर आहेच की. लोकांना लहान मूल समजणं बंद करा.

मिंटप्रेमी

डिस्कवर नुसतं पडून असलेलं अ‍ॅप रॅम खात नाही हो सम्राट. एवढं तरी तुमच्याकडून अपेक्षित होतं. :)

सातशे_एमबी

हा वाद उबंटूइतकाच जुना आहे. जरा लांबण लावतो.

२००४च्या ऑक्टोबरात उबंटू ४.१० आलं तेव्हा दोन नियम होते. सगळं एका सीडीत, म्हणजे ७०० एमबीत बसलं पाहिजे आणि एका कामाला एकच अ‍ॅप. त्याआधीच्या लिनक्सच्या मेनूत चार टेक्स्ट एडिटर, तीन ब्राउझर, दोन ऑफिसं. नवा माणूस मेनू बघूनच बावचळायचा. उबंटूने कोणीतरी निवड करून दिली आणि लोकांना तेच आवडलं. पत्ता कळवला की शिपइट योजनेत सीडी फुकट पोस्टाने घरी यायची. २०११ला ती योजना बंद झाली. आपल्याकडे कॉलेजच्या हॉस्टेलांत त्या सीड्या हातोहात फिरायच्या, कारण ७०० एमबी उतरवण्याइतकं नेट होतंच कुणाकडे? अशा वेळी सीडीवर जे नाही ते त्या माणसापुरतं जगात नाही.

मग एक आत यायचं तर दुसरं बाहेर. सगळ्यात गाजलेलं प्रकरण गिंप या फोटो एडिटरचं. नोव्हेंबर २००९मध्ये डलासला विकसकांची बैठक झाली आणि १०.०४मधून गिंप काढायचं ठरलं. जागा खातं, सर्वसामान्य माणसाला ते अवजड आहे, फोटोचं किरकोळ काम एफ-स्पॉटमध्ये होतं, ही कारणं. केवढा गदारोळ झाला होता! गंमत म्हणजे ज्याच्या भरवशावर गिंप काढलं ते एफ-स्पॉट पुढच्याच आवृत्तीत गेलं आणि शॉटवेल आलं. त्याच १०.०४मध्ये पिटिवी हा व्हिडिओ एडिटर आत घेतला होता, तो ११.१०मध्ये बाहेर. ११.०४मध्ये ऱ्हिदमबॉक्स जाऊन बॅन्शी, १२.०४मध्ये बॅन्शी जाऊन पुन्हा ऱ्हिदमबॉक्स. दर सहा महिन्यांनी सासरमाहेर चालू.

१२.१०ने ७०० एमबीची मर्यादाच सोडून दिली. आज मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) तीन जीबीच्या आसपास, उबंटूची त्याच्या जवळजवळ दुप्पट. हो, तेच 'मोजकी अ‍ॅप्स'वालं उबंटू! म्हणजे जागेचं कारण केव्हाच संपलं. आता उरलंय ते मताचं भांडण.

खवचट_खंडू

सासरमाहेर =))

ठाणे_लोकल

बॅन्शीवरून आठवलं. त्यात पैशाचाही मामला होता ना? बॅन्शीमध्ये अ‍ॅमेझॉनचं गाण्यांचं दुकान होतं, त्याचं कमिशन जीनोम फाउंडेशनला (लिनक्स डेस्कटॉपवर काम करणारी संस्था) जायचं. ते उबंटूत डीफॉल्ट व्हायची वेळ आली तशी कॅनॉनिकलने (उबंटूची कंपनी) ७५ टक्के स्वतःकडे आणि २५ टक्के जीनोमला अशी वाटणी मांडली. २०११च्या सुरुवातीला त्यावरून बरीच धुळवड झाली होती.

सातशे_एमबी

बरोबर. आणि १२.१०मध्ये तर डॅशमध्ये (उबंटूचा शोधायचा पडदा) स्वतःची फाइल शोधायला गेलात की खाली अ‍ॅमेझॉनच्या वस्तू दिसायच्या. १६.०४मध्ये ते मुळातच बंद करून ठेवलं. पहिल्यापासून असण्याची किंमत असते आणि कुणीतरी ती मोजत असतं. सफारीत शोधयंत्र म्हणून स्वतःला ठेवून घ्यायला गुगलने अ‍ॅपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालंय. लोक 'बदलता येतं की' म्हणतात. बदलत असते तर एवढे पैसे कोणी दिले असते का?

टर्मिनलसम्राट

हे माझ्याच बाजूचं झालं! म्हणूनच कमी टाका.

सातशे_एमबी

छे. म्हणूनच विचार करून टाका.

घरचा_आयटी

अवांतर: फोनचं काय? आईला नवा फोन घेऊन दिला तर उघडल्या उघडल्या तीन गेम, दोन खरेदीची अ‍ॅप्स, एक बातम्यांचं जे दर तासाला किंचाळतं. अर्धी निघतात, अर्धी फक्त 'डिसेबल' होतात. कंपनीचं नाव घेत नाही, सगळेच तसले.

ठाणे_लोकल

त्यावर आपल्याकडे निकाल आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. अँड्रॉइड हवं तर आमच्या अ‍ॅप्सचा अख्खा गठ्ठा घ्या, या अटीवर आक्षेप होता. २०२३च्या जानेवारीत गुगलने भारतापुरतं फोन कंपन्यांना सुटी सुटी अ‍ॅप्स घ्यायची मुभा दिली. पुढे अपिलात दंड कायम राहिला, पण आधीपासून असलेली अ‍ॅप्स काढून टाकता आली पाहिजेत हा आदेश मात्र उडाला. म्हणजे घरचा_आयटी, तुमचं दुखणं नेमकं तिथेच राहिलं.

घरचा_आयटी

आणि २०२५च्या डिसेंबरात संचार साथीवरून झालं ते? प्रत्येक नव्या फोनवर आधीच टाका असा सरकारचा आदेश, मग आरडाओरडा, मग काही दिवसांत माघार. अ‍ॅप चांगलं की वाईट हा भाग वेगळा. न विचारता घरात आलं की लोक बिथरतात.

म्युनिकचा_मावळा

धागा भरकटवण्यात माझीही एक वीट. इथे युरोपात हा प्रयोग सरकारी पातळीवर होऊन गेलाय. २००४मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेलं विंडोज विकायला लावलं. 'एक्सपी एन' आलं. किंमत तीच, वर एक गोष्ट कमी. कोण घेणार? कोणीच घेतलं नाही म्हटलं तरी चालेल. मग २०१०मध्ये धडा घेऊन वेगळा मार्ग काढला: काढू नका, निवडीचा पडदा दाखवा. विंडोज सुरू केलं की कोणता ब्राउझर हवा असं विचारायचं. विंडोज ७च्या एका अपडेटनंतर तो पडदा दिसेनासा झाला आणि २०१३मध्ये त्यासाठी आणखी ५६.१ कोटी युरो.

यातून मला कळलं ते एवढंच, की रिकामी जागा देऊन माणूस निवड करत नाही, तो फक्त वैतागतो. धागाकर्त्याला माझं अनुमोदन.

खवचट_खंडू

तुमच्या म्युनिक महापालिकेनेच लिनक्स टाकून परत विंडोज घेतलं ना? दिवे घ्या.

म्युनिकचा_मावळा

घेतले. पंधरा हजारांच्या आसपास मशीन लिनक्सवर नेली होती, २०१७मध्ये परत फिरायचा ठराव झाला. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

सोंगटी

कोणी पत्त्यांचा विषय काढलाच नाही? १९९०च्या विंडोज ३.०मध्ये सॉलिटेअर आलं आणि दोन वर्षांनी ३.१मध्ये सुरुंग (माइनस्वीपर). आमच्या हाफिसातल्या अख्ख्या पिढीला माउस धरायला त्या पत्त्यांनी शिकवलं. साहेब आले की खिडकी लहान करायचं कसबही त्यातच आलं. वाचनालयात एक तरी पत्त्यांचा डाव ठेवा हो. आजोबा लोक त्यानेच येतील.

टर्मिनलसम्राट

वाचनालयात पत्ते. छान.

सोंगटी

सम्राट, तुम्ही पहिला संगणक बघितलात तेव्हा त्यावर काय केलं होतं? खरं सांगा.

टर्मिनलसम्राट

प्रिन्स ऑफ पर्शिया. पण ते कोणीतरी फ्लॉपीवरून टाकलेलं होतं, डीफॉल्ट नव्हतं.

अक्षरजुळणी

गेले दोन दिवस वाचतोय. एका गोष्टीवर कोणीच बोललं नाही: या मशीनवर मराठी कशी लिहायची?

मी डीटीपीवाला. मराठी दिसण्याची अडचण आता नाही, लोहित किंवा नोटो कुठला तरी देवनागरी फॉन्ट असतोच. अडचण लिहिण्याची. इन्स्टॉल करताना 'इंग्लिश (यूएस)' कीबोर्ड घेऊन पुढे गेलात की मराठी कुठेच नाही. सेटिंग, कीबोर्ड, लेआउट, 'अ‍ॅड', मग इंडिया, मग लांबलचक यादी. मराठी हवं आहे आणि ते तिथे असतं, हे ज्याला माहीत आहे तोच तिथवर जातो. बाकीचे म्हणतात, 'याच्यात मराठी नाही वाटतं', आणि मोबाईलवर टाइप करून स्वतःलाच मेल करतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तेव्हा इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) चालू करूनच द्या. भाषा बदलायची कळ ठरवा आणि पॅनेलवर 'मरा / इंग्ल' दिसू द्या. तक्ता ए-फोरवर छापून प्रत्येक मशीनशेजारी चिकटवा. लोकांना अडतं कुठे तेही सांगतो. 'क' के वर, 'र' जे वर, 'ल' एन वर हे चार दिवसांत बसतं. 'ळ' म्हणजे शिफ्ट-एन, हे सांगितल्याशिवाय सापडत नाही. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' लिहिताना तर भले भले हात टेकतात: शिफ्ट-जे, मग डी (म्हणजे हलन्त), मग स्लॅशवरचा 'य', मग काना. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी कागप लेआउटही यादीत असतो, तोही जोडा.

आणि लिब्रेऑफिस ठेवणार असाल तर ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची भाषा मराठी करा. बऱ्याच ठिकाणी ती हिंदीवर असते. मग नोटोसारखा फॉन्ट असूनही 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. शाळेतली पोरं बघतात आणि विचारतात, 'हा ल असा का?'

थोडे फॉन्ट टाका. मुक्त आहे, मोफत आहे, अंगाला शोभतो.

खडूफळा

अक्षरजुळणी, हे सोन्यासारखं आहे. 'मुक्त आहे' म्हणजे फॉन्टचं नाव मुक्ता ना?

अक्षरजुळणी

हो, मुक्ता. एक टाइपवाल्यांचा. ऑटोकरेक्टने काना खाल्ला.

खवचट_खंडू

डीटीपीवाल्याचाच काना गेला. कलियुग.

रानवारा

अक्षरजुळणींचा प्रतिसाद वाचून एक कसोटी सुचते. सॉफ्टवेअर सेंटरमध्ये जाऊन ज्याचं नाव टाइप करता येतं ते डीफॉल्टमध्ये नसलं तरी चालेल. पत्ते हवेत? 'कार्ड्स' शोधा. व्हीएलसी हवं? नाव सगळ्यांना पाठ आहे. पण कीबोर्ड लेआउट, कोडेक (व्हिडिओ-गाणी वाजवायला लागतो तो भाग), प्रिंटरचा ड्रायव्हर, बॅकअप या गोष्टी कोणी शोधायलाच जात नाही, कारण त्या 'नाहीत' हेच कळत नाही. व्हिडिओ चालला नाही की माणूस कोडेकला दोष देत नाही, लिनक्सला देतो. पंगतीत मीठ-लिंबू कोणी मागायची वाट बघत नाहीत, ते आधीच पानात असतं.

टर्मिनलसम्राट

@रानवारा, ही कसोटी मात्र आवडली. एक दुरुस्ती: कोडेक न देण्यामागे आळस नव्हता, पेटंट होती. फेडोराने (आणखी एक लिनक्स) एमपी३ वर्षानुवर्षं दिलं नाही ते त्यामुळेच; २०१६च्या अखेरीस वाजवायची सोय दिली आणि २०१७मध्ये पेटंट संपल्यावर बनवायचीही. एच-२६४ वगैरे व्हिडिओ कोडेकचं अजून तसंच आहे. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'मल्टिमीडिया कोडेक'ची चौकट असते, ती टिक करायची. उबंटूमध्येही तशी चौकट आहे.

फॉर्मवाली_ताई

मी फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. तुम्ही सगळे थोर आहात, पण त्या वाचनालयात दिवसभर काय चालणार आहे ते मी सांगते.

'ताई, फोटो अपलोड होत नाही.'

बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी हवा, सही १० ते २० केबी. दुसऱ्या फॉर्मला आणखी वेगळी मापं. पोराच्या मोबाईलमधला फोटो असतो चार एमबीचा. मग पोरं गुगलवर शोधून जी पहिली वेबसाइट दिसेल तिच्यावर फोटो, सही, कधी कधी आधारसुद्धा चढवून मोकळी होतात. कुठल्या देशातली साइट, फाइल पुढे कुठे जाते, कोणाला पत्ता नाही.

वर कोणीतरी म्हटलंय की सर्वसामान्य माणसाला गिंप अवजड. असेल. मला त्यातलं एकच काम येतं आणि दुकान त्यावर चालतं. फोटो उघडायचा, स्केल इमेज, रुंदी कमी. मग जेपीजी म्हणून एक्स्पोर्ट करताना जी खिडकी येते तिच्यात प्रीव्ह्यूला टिक करायची. आता क्वालिटीची पट्टी सरकवली की फाइल किती केबी होतेय ते तिथल्या तिथे दिसतं. आकडा ४८ झाला की सोडून द्यायची. साधी फोटोची अ‍ॅप्स मापं लहान करून देतात, पण 'आता एवढे केबी झाले' हे समोर दिसलं पाहिजे.

आणि स्कॅनरचं अ‍ॅप ठेवा. आणि आधारची पीडीएफ उघडेल असं काहीतरी. तिला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. लोक 'फाइल खराब आहे' म्हणून परत येतात.

सातशे_एमबी

ताई, कमाल. डलासच्या बैठकीत तुम्ही हव्या होतात.

खरंच, 'एका कामाला एक अ‍ॅप' हा नियम चांगला, पण कामांची यादी कोणी केली? सुट्टीचे फोटो लावून ठेवणं, गाण्यांचा संग्रह सांभाळणं, मेल. ज्यांनी यादी केली त्यांच्या घरातली कामं ती. फोटो ५० केबीत बसवणं हे काम त्यात कुठून येणार? २०१७मध्ये १८.०४च्या वेळी कॅनॉनिकलने लोकांना जाहीर विचारलं होतं की कोणती अ‍ॅप्स हवीत. उत्तरं हजारांनी आली. पण देणारे कोण, तर अशा जागी उत्तर द्यायला जाणारे, म्हणजे तुम्हीआम्ही. व्हिडिओसाठी व्हीएलसीला भरभरून मतं पडली आणि आलं शेवटी आधीपासूनचं टोटेमच, ते वेगळं.

मिंटप्रेमी

मिंटनेही १९.३मध्ये गिंप काढून 'ड्रॉइंग' नावाचं छोटं अ‍ॅप दिलं. व्हीएलसीही तेव्हाच गेलं. आणि २०.१मध्ये काय आणलं, तर हिप्नॉटिक्स, नेटवरून टीव्ही बघायचं अ‍ॅप! हे मी प्रेमी असूनही पचवू शकलेलो नाही. वाचनालयात ते पहिलं उडवा. वॉर्पिनेटर मात्र ठेवा, एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइल पाठवायला झकास.

चिमणचारा

शाळेतल्या पोरांसाठी दोन शब्द. टक्स पेंट (चित्रं काढायला) आणि जीकॉम्प्री (खेळातून शिकायला) टाका, मोठ्यांसाठी जिओजेब्रा (गणिताला). केरळच्या शाळांत काइट नावाची सरकारी संस्था उबंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती देते. त्यात काय असावं ते पाठ्यपुस्तकावरून ठरतं. पुस्तकात जिओजेब्राचा धडा, तर मशीनवर जिओजेब्रा. इतकं साधं. आपल्याकडे मशीन एका योजनेतून येतं आणि पुस्तक दुसरीकडून, दोघांची गाठ शिक्षकाने घालायची.

शिवाय किविक्स. मराठी विकिपीडिया अख्खा उतरवून ठेवता येतो, नेट गेलं तरी चालतो. वाचनालयाला याहून काय हवं?

टर्मिनलसम्राट

फॉर्मवाली ताई, तुमचा प्रतिसाद परत वाचला. यासाठी गिंपसुद्धा नको. इमेजमॅजिकला (कमांडवर चालणारं फोटोचं साधन) 'या फाइलला इतक्या केबीच्या आत बसव' असं सांगता येतं, क्वालिटी ते स्वतः शोधतं. एक ओळीची कमांड. आणि एक्सएफसीईच्या थुनार फाइल मॅनेजरमध्ये 'कस्टम अ‍ॅक्शन' असतात, तिथे ती ओळ टाकून ठेवली की फोटोवर राइट क्लिक केल्यावर मेनूतच येईल: 'फोटो ५० केबी करा'. टर्मिनल नाही, वेबसाइट नाही. मूळ फोटो तसाच राहील, शेजारी लहान प्रत पडेल. मी लिहून देतो.

खवचट_खंडू

काय बघतोय मी? सम्राटांनी डीफॉल्टमध्ये भर घातली? स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

टर्मिनलसम्राट

ते अ‍ॅप नाही, मेनूतली ओळ आहे.

सोंगटी

तशीच एक ओळ पत्त्यांसाठी...

खडूफळा

मंडळी, खूप मिळालं. आत्तापर्यंतचं ठरलेलं सांगतो. मिंट एक्सएफसीई. कोडेकची चौकट टिक. इन्स्क्रिप्ट आणि कागप चालू, तक्ते छापून घेतो. लिब्रेऑफिस राहणार, थंडरबर्ड जाणार (सार्वजनिक मशीनवर कोण मेल उघडून ठेवणार?), हिप्नॉटिक्स जाणार, ट्रान्समिशनही जाणार. टॉरेंट वाईट म्हणून नव्हे, एक जण सिनेमा उतरवायला बसला की उरलेल्या सातांचं नेट झोपेल. किविक्स, टक्स पेंट, जिओजेब्रा येणार. गिंप येणार, कारण सम्राटांच्या ओळीवर ताईंचा विश्वास बसेपर्यंत तोच आधार. पत्त्यांचं ग्रंथपाल मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, 'एकाच मशीनवर.'

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. सगळ्यांना एकच लॉगिन दिलं तर एकाची आधारची पीडीएफ 'डाउनलोड्स'मध्ये पडून राहणार आणि पुढचा येऊन ती बघणार. काय करू?

फॉर्मवाली_ताई

हे माझ्या दुकानात रोजचं. संध्याकाळी मी हाताने सगळं पुसते.

मिंटप्रेमी

लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट सेशन' असतं, मुळात बंद असतं, ते चालू करा. लॉगआउट केलं की पाहुण्याच्या फाइल्स, ब्राउझरचा इतिहास, सगळं साफ. मात्र पोरांना सांगावं लागेल: अर्धवट फॉर्म पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर गेला.

टर्मिनलसम्राट

गेस्टला दर वेळी कोरं खातं मिळतं, म्हणजे तुम्ही तुमच्या लॉगिनमध्ये लावलेले कीबोर्ड, ऑफिसची भाषा, थुनारची ओळ यातलं काहीही त्याला दिसणार नाही. नमुन्याचं खातं एकदा नीट लावा आणि त्याच्या सेटिंगची फोल्डरं 'गेस्ट-सेशन'च्या 'स्केल' (skel, म्हणजे नमुन्याच्या) फोल्डरात ठेवा. प्रत्येक पाहुण्याला तीच नक्कल मिळते. क्लोन करण्याआधी हे करा. आणि क्लोन झाल्यावर प्रत्येकाचा मशीन-आयडी (मशीनचा ओळख क्रमांक) नवा करा, नाहीतर राउटर आठही मशीनना एकच समजून एकच आयपी देऊन बसू शकतो.

खडूफळा

हे शेवटचं माहीतच नव्हतं. शनिवारी करून बघतो.

फॉर्मवाली_ताई

सम्राटदादा, सहीसाठी वेगळी ओळ करा, २० केबीची. आणि नावं मराठीतच लिहा.

टर्मिनलसम्राट

करतो ताई. पण सहीला कमीत कमी १० केबीचीही अट आहे ना? पांढऱ्या कागदावरची बारीक सही दाबली की सहा-सात केबीच उरते आणि फॉर्म पुन्हा नाकारतो. इमेजमॅजिकला 'याच्या आत' सांगता येतं, 'याच्या वर' सांगता येत नाही.

फॉर्मवाली_ताई

मी अशा वेळी फोटोची मापं वाढवते आणि क्वालिटी १००वर नेते. बसते मग.

टर्मिनलसम्राट

बरं, तसंच स्क्रिप्टमध्ये घालतो. १०च्या खाली गेली की रुंदी वाढवून परत. तुमच्याकडच्या दोन-तीन कोऱ्या कागदावरच्या रेघोट्या स्कॅन करून पाठवाल का? खऱ्या सह्या नकोत.